चाळीची गॅलरी आणि वाटीभर साखर: पहिल्या ॲनिमेशन प्रोजेक्टसाठी डिजिटल बॅकग्राउंड

विद्यार्थ्यांच्या ॲनिमेशन प्रोजेक्टमध्ये बॅकग्राउंडचं काम सहसा दोन तऱ्हांनी फसतं. एक तर ते शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं आणि पात्रांच्या मागे निळा-जांभळा ग्रेडियंट येतो. नाहीतर गटात ज्याचा हात चांगला, तो पहिल्याच शॉटवर ठाण मांडून बसतो, कौल न् कौल रंगवतो, आणि पात्र वर ठेवलं की ते दिसतच नाही. दुसरी तऱ्हा जास्त महागात पडते, कारण एवढं देखणं चित्र पुसायला कोणाचा हात धजावत नाही.

म्हणून आधीच एक कसोटी ठरवून घ्या. पात्र नसताना बॅकग्राउंड थोडं अपुरं वाटलं पाहिजे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर १९१०च्या दशकात नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवायचे. मागे पडदा, बाजूला विंगा, वर झालर आणि मधोमध नटासाठी मोकळी जागा. आपण आज लेअर्स, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, लावतो ते काही फार वेगळं नाही.

पुढचं सगळं एका उदाहरणावर सांगतो. समजा तुमची फिल्म दोन मिनिटांची आहे. गिरगावातली लाकडी चाळ. आठ वर्षांची मनू रिकामी वाटी घेऊन साखर मागायला गॅलरीच्या दुसऱ्या टोकाच्या बिऱ्हाडात जाते आणि परत येते. एवढीच गोष्ट. स्थळं चार: मनूची खोली, गॅलरी, जिना, शेजारची खोली.

ब्रश उघडण्याआधीची यादी

स्टोरीबोर्ड (शॉटवार कच्ची चित्रं) आणि ॲनिमॅटिक (तीच चित्रं वेळेनुसार लावलेला कच्चा व्हिडिओ) झाल्याशिवाय बॅकग्राउंडला हात लावू नका. ॲनिमॅटिकमध्ये शॉट कापले जातात, आणि कापल्या गेलेल्या शॉटचं रंगवलेलं बॅकग्राउंड कुठेच वापरता येत नाही.

ॲनिमॅटिक पक्कं झालं की एक तक्ता करा. शॉट क्रमांक, स्थळ, कॅमेरा स्थिर की हलता, पात्र कुठून कुठे जातं, कशाला हात लावतं, दिवसाची वेळ. मग एकाच स्थळाचे शॉट एकत्र लावा. फिल्ममध्ये पंचवीस शॉट असले तरी बॅकग्राउंड आठ-दहाच लागतील, कारण गॅलरीचं एक मोठं चित्र नीट केलं तर त्यातूनच दोन-तीन जवळचे शॉट कापून घेता येतात.

याच टप्प्यावर चाळीचा वरून दिसणारा साधा नकाशा काढा. जिना कोणत्या बाजूला, मनूची खोली कितवी, नळ कुठे. घाईत एखादं बॅकग्राउंड आडवं उलटवून वापरायचा मोह होतो. तसं केलं की जिना डावीकडून उजवीकडे उडी मारतो आणि जाताना उजवीकडे चाललेली मनू परत येतानाही उजवीकडेच चालते. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण तो गोंधळतो.

कोणती चाळ?

'चाळ' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. गिरगाव-ठाकुरद्वार भागातल्या जुन्या चाळींना बाहेरच्या बाजूने लाकडी गॅलरी असते. उजेड एका बाजूने, बाहेरून येतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या, काँक्रीटच्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. त्यांच्यात मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. तिथे उजेड बोळाच्या टोकांकडून येतो आणि मधे अंधारच असतो. तुमच्या गोष्टीला पहिली चाळ हवी असेल आणि इंटरनेटवरून दुसरीचे फोटो समोर ठेवलेत, तर उजेड आणि वास्तू यांचा मेळ कधीच बसणार नाही.

शक्य असेल तर प्रत्यक्ष जा. फोटो काढण्याआधी विचारा: "काकू, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गॅलरीचे फोटो काढू का?" सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा मिळतो आणि कोणत्या खोलीत कोण राहायचं तेही कळतं. माणसांचे चेहरे आणि दारावरच्या पाट्या फोटोत घेऊ नका. मापं मात्र घ्या. कठडा तुमच्या कमरेला लागतो की छातीला, दाराची उंची किती, गॅलरीत दोन माणसं शेजारून जाऊ शकतात का. जवळचे तुकडेही टिपा. भिंतीच्या खालच्या भागावरचा गडद ऑइल पेंटचा पट्टा, वरचा उडालेला चुना, डालड्याच्या डब्यातली तुळस, उघड्यावर धावणाऱ्या वायरी, उंबऱ्यावरची रांगोळी. फ्रेममध्ये असे दोन-तीनच तपशील असले तरी जागा खरी वाटायला लागते.

गावाकडची गोष्ट असेल तर हाच नियम. कोकणातलं घर तांबड्या, सच्छिद्र जांभ्याचं, देशावरचं काळ्या दगडाचं. सिंधुदुर्गातल्या घराला काळ्या पाषाणाची भिंत दिलीत तर तिथला प्रेक्षक लगेच ओळखतो.

साधनं

यावर फार वेळ घालवू नका. क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतं. बॅकग्राउंडसाठी लागणारं सगळं त्यात आहे. कॉलेजमध्ये फोटोशॉप किंवा क्लिप स्टुडिओ असेल तर तेही चालेल. चित्रं एकत्र जोडून कॅमेरा हलवायला ओपनटून्झ आहे. हे इटलीत तयार झालेलं सॉफ्टवेअर स्टुडिओ जिब्लीने वर्षानुवर्षं वापरलं आणि २०१६पासून ते सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. पेन टॅब्लेट स्क्रीन नसलेला, छोटा चालतो. टॅब्लेट नसेल तरी अडत नाही. चाळीसारखी सरळ कडांची जागा माउसने, लॅसो सिलेक्शन आणि रंग भरून, बरीचशी होते. अनेकदा ती ब्रशने काढलेल्यापेक्षा स्वच्छही दिसते.

कॅनव्हास किती मोठा? आधी गणित

फिल्म १९२० × १०८० पिक्सेलची असेल तर स्थिर शॉटचं बॅकग्राउंड त्याहून चारही बाजूंनी थोडं मोठं ठेवा, साधारण ५ टक्के. नंतर कॅमेरा जरा सरकवावासा वाटला तर कड उघडी पडत नाही. कॅमेरा दीडपट जवळ जाणार असेल तर कॅनव्हासही दीडपट, म्हणजे किमान २८८० × १६२०. १९२०चं चित्र ताणून जवळ गेलात तर सगळं धूसर होतं. डीपीआय ७२ की ३०० यावर वाद घालू नका. ती छपाईची गोष्ट आहे, पडद्यावर फक्त पिक्सेल मोजले जातात.

पॅन शॉटचं, म्हणजे कॅमेरा आडवा सरकतो त्या शॉटचं, गणित जरा लांब आहे, पण ते टाळू नका. मनू गॅलरीतून चालते आणि समोरच्या इमारतीतून पाहणारा कॅमेरा तिच्याबरोबर सरकतो. पडद्यावर मनूची उंची ४०० पिक्सेल धरा. तिचं चालण्याचं एक आवर्तन, म्हणजे दोन पावलं, २४ फ्रेमचं. त्यात ती ३६० पिक्सेल पुढे जाते. म्हणजे एका फ्रेमला १५ पिक्सेल. शॉट सहा सेकंदांचा, २४ फ्रेम प्रति सेकंद, म्हणजे १४४ फ्रेम. १४४ गुणिले १५ म्हणजे २१६० पिक्सेल सरकणं. त्यात फ्रेमची रुंदी १९२० मिळवा: ४०८०. कडेची जागा धरून कॅनव्हास ४३०० × ११८० घ्या.

हा आकडा नसताना लोक अंदाजाने दहा हजार पिक्सेल लांब गॅलरी रंगवतात आणि त्यातली निम्मी कधी दिसतच नाही. किंवा उलट, सहा सेकंदांपैकी चौथ्याच सेकंदाला चाळ संपते. मेमरीचाही हिशोब ठेवा. ४३०० × ११८०चा पूर्ण भरलेला एक लेअर ८ बिटमध्ये साधारण २० एमबी घेतो, १६ बिटमध्ये दुप्पट. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर असे चाळीस लेअर उघडले की पंखा ओरडायला लागतो.

लेआउट: डोळ्याची रेषा कोणाची?

आता कॅनव्हासवर पहिली रेघ मारायची ती क्षितिजरेषेची, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याच्या उंचीची. हा तांत्रिक निर्णय नाही, गोष्टीचा निर्णय आहे. कॅमेरा मनूच्या उंचीवर ठेवला तर क्षितिजरेषा तिच्या डोळ्यांतून जाईल आणि मोठ्या माणसांच्या छातीच्या आसपासून. दारं उंच वाटतील, काकू वरून बोलतील. कॅमेरा मोठ्यांच्या उंचीवर नेला तर मनू गॅलरीत हरवलेली दिसेल. दोन्ही चालतं, पण ठरवून.

याच रेषेतून एक उपयोगी नियम निघतो. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या माणसांना क्षितिजरेषा एकाच जागी कापते, माणूस जवळ असो की लांब. पात्र जमिनीत रुतलेलं किंवा हवेत तरंगत असलेलं दिसत असेल तर बहुतेक वेळा हा नियम मोडलेला असतो.

गॅलरीच्या एका टोकाला उभं राहून आत पाहणारा शॉट एका व्हॅनिशिंग पॉइंटचा असतो. कठडा, छत, दारांचे उंबरे, सगळ्या रेघा त्या बिंदूकडे धावतात, म्हणून प्रेक्षकाचा डोळाही तिकडेच जातो. त्या बिंदूजवळ शेजारच्या काकूंचं दार ठेवा. नुसती भिंत ठेवलीत तर नजर नेऊन तिथे सोडून दिल्यासारखं होईल. क्रिटामध्ये असिस्टंट टूलने व्हॅनिशिंग पॉइंट लावता येतो. मग ब्रशच्या पर्यायांत असिस्टंटला स्नॅप करण्याची खूण केली की रेघा आपोआप तिकडे वळतात. ही खूण करायला नवखे हमखास विसरतात आणि टूल बिघडलंय असं समजतात.

कठड्याचे खांब लांब जाताना जवळजवळ येतात. ते अंदाजाने काढले तर गॅलरी वाकडी वाटते. त्यासाठी पहिले दोन खांब तेवढे मनाने काढा. त्यांची वरची टोकं जोडणारी रेघ आणि खालची टोकं जोडणारी रेघ व्हॅनिशिंग पॉइंटला न्या. दुसऱ्या खांबाचा मध्य शोधा. पहिल्या खांबाच्या वरच्या टोकापासून त्या मध्यातून जाणारी सरळ रेघ खालच्या रेघेला जिथे छेदेल तिथे तिसरा खांब. तसाच पुढे चौथा. दारांनाही हीच युक्ती लागू पडते.

लेअर्स: काय कशाच्या पुढे

पॅन शॉटमध्ये तीन थर पुरतात. सगळ्यात मागे भिंत आणि दारं, मग मनू, तिच्या पुढे कठडा. कठडा ओव्हरले, म्हणजे पात्राच्या पुढे येणारा थर, म्हणून स्वतंत्र लेअरवर. विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी एक लबाडी अशी: कठड्याचा खालचा भाग फळ्यांचा, बंदिस्त ठेवा. मनूचे पाय त्यामागे झाकले जातात, आणि पाय घसरताना दिसण्याचा सगळ्यात मोठा त्रास संपतो. शॉटही खरा वाटतो, कारण समोरून पाहताना गॅलरीतली मुलं तशीच दिसतात, डोकं आणि खांदे.

चौथा थर हवाच असेल तर कॅमेऱ्याच्या अगदी जवळ वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी द्या, गडद आणि कमी तपशिलाची. जवळचा थर जास्त वेगाने सरकतो, म्हणून तो जास्त रुंदही हवा. भिंत फ्रेमला १५ पिक्सेल सरकत असेल आणि कपडे २५, तर १४४ फ्रेममध्ये कपडे ३६०० पिक्सेल जातात. त्या थराची रुंदी वेगळी मोजा.

जे हलणार ते बॅकग्राउंडमध्ये चिकटवायचं नाही. दार उघडणार असेल तर दार वेगळं, आणि दारामागे खोली रंगवलेली. ओव्हरले सरकल्यावर मागचं जेवढं उघडं पडणार असेल तेवढी भिंतही पूर्ण रंगवा. आणि ओव्हरले पहिल्यापासून स्वतःच्या पारदर्शक लेअरवरच काढा. पांढऱ्या कागदावर काढून नंतर कापून घेतलात तर कडांना पांढरी किनार राहते आणि गडद भिंतीवर ती चकाकते.

राखाडी आधी, रंग नंतर

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या आणि रंगाला त्याहून कमी. फक्त तीन छटा घ्या: उजळ, मध्यम, गडद. बोटाएवढ्या लहान चौकटीत शॉटची चार-पाच छोटी चित्रं करा. एकात गॅलरी उजळ आणि मनू गडद. दुसऱ्यात उलट. तिसऱ्यात कठडा गडद, भिंत मध्यम, मनूचा फ्रॉक उजळ. ज्यात मनू डोळे बारीक करूनही दिसते ते निवडा.

मनू ज्या पट्ट्यातून चालणार तिथे भिंत शांत ठेवा. म्हणजे तिथे गडद-उजळाची मोठी उडी नको, बारीक नक्षी नको, झगझगीत रंग नको. ती जिथे थांबणार, म्हणजे काकूंच्या दारापाशी, तिथे सगळ्यात तीव्र फरक येऊ द्या. तपशील भिंतीवर सारखा पसरवला की नजरेला कुठे थांबावं तेच कळत नाही.

रंग भरल्यावरही ही तपासणी चालू राहिली पाहिजे. सर्वांत वर राखाडी रंगाने भरलेला एक लेअर घ्या, त्याचा ब्लेंडिंग मोड (खालच्या लेअरशी मिसळण्याची पद्धत) 'कलर' करा, आणि हवं तेव्हा तो चालू-बंद करा. खालचं सगळं राखाडी दिसेल.

उजेड आणि रंग

रंगांआधी दिवसाची वेळ नक्की करा. मुंबईत मेच्या मध्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस त्याच सुमाराचा. तेव्हा ऊन गॅलरीत शिरतच नाही. बाहेर डोळे दिपवणारा चौक आणि आत निळसर सावली. सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपं येतं आणि कठड्याच्या सावलीचे पट्टे भिंतीवर पडतात. दिसायला फार छान, पण मनू त्यातून चालली की ते पट्टे तिच्या अंगावरूनही सरकले पाहिजेत, म्हणजे ॲनिमेटरचं काम वाढलं. पहिल्या प्रोजेक्टला मी तरी पावसाळी दुपार सुचवीन. उजेड सगळीकडून सारखा, कडक सावल्या नाहीत, आणि कपडे गॅलरीतल्या दांड्यांवर वाळत असल्यामुळे जागा आपोआप भरते. खोलीच्या आत पिवळा बल्ब लावा. बाहेरच्या करड्या-निळ्या उजेडात उघड्या दारातून येणारा तो पिवळा तुकडा मनूला कुठे जायचंय ते आपोआप सांगतो.

पाच-सहा रंगांची पट्टी करून सगळ्या स्थळांना तीच वापरा. भिंतीचा चुना, ऑइल पेंटचा पट्टा, लाकूड, दाराचा हिरवा किंवा निळा, आकाश. मनूच्या फ्रॉकचा रंग या पट्टीत कुठेच नको. आधी प्रत्येक वस्तूला सपाट रंग. मग वर एक मल्टिप्लाय लेअर (खालचे रंग गडद करणारा), त्यात सावल्या. सावलीला काळा घेऊ नका, करडा-जांभळा घ्या, नाहीतर भिंत धुरकटल्यासारखी वाटते. लांबच्या इमारती फिकट आणि निळसर करा, त्यांच्यातला गडद-उजळाचा फरकही कमी ठेवा. मधली हवा प्रकाश विखुरते म्हणून लांबचं तसं दिसतं, पावसात तर जास्तच.

पोत शेवटी, आणि कंजुषीने. मनूला बाह्यरेघ आहे का? असेल तर तिच्या रेघेपेक्षा बॅकग्राउंडची रेघ बारीक ठेवा, किंवा काळीऐवजी त्या-त्या वस्तूच्याच गडद छटेची. भिंतीच्या फोटोचा पोत चिकटवला की सपाट रंगवलेलं पात्र त्यावर उपरं दिसतं. त्यापेक्षा खरखरीत ब्रशने चार ठिकाणी उडालेला चुना काढा.

चाचणी

पूर्ण रंगवण्याआधी, राखाडी अवस्थेतच, पॅन चालवून पाहा. मनूच्या जागी तिच्या आकाराचा ठोकळा चालेल. एक अडचण इथेच कळते. पात्राची चित्रं दोन-दोन फ्रेमला बदलत असतील आणि बॅकग्राउंड प्रत्येक फ्रेमला सरकत असेल, तर जमिनीवर टेकलेला पाय एका फ्रेमसाठी घसरतो. चालण्याची चित्रं एकेका फ्रेमला करा किंवा पाय झाकणारा कठडा वापरा. बॅकग्राउंडही दोन-दोनला सरकवलं तर वेगवान पॅन थरथरतो.

दुसरी चाचणी प्रोजेक्टरवर. कॉलेजच्या हॉलमधले प्रोजेक्टर गडद छटा गिळतात. लॅपटॉपवर सुंदर दिसणारी अंधारी खोली तिथे काळा ठिपका होते. गडद भाग थोडे वर उचला आणि मोबाइलवरही पाहून घ्या. आकाशात पट्टे उमटत असतील तर चित्र १६ बिटमध्ये करा आणि आकाशावर अगदी हलका दाणा (ग्रेन) टाका. व्हिडिओ कॉम्प्रेस केल्यावर ८ बिटमध्ये येतो, तेव्हा तो दाणाच पट्टे फोडतो.

फाइल सोपवताना

प्रत्येक थर वेगळी पीएनजी, पारदर्शकतेसह. जेपीईजीत पारदर्शकता राहत नाही. सगळे थर एकाच मापाच्या कॅनव्हासवर निर्यात केलेत तर जोडणाऱ्याला ते परत जुळवत बसावं लागत नाही. जास्त रुंद थर मात्र वेगळा, आणि त्याचा सुरुवातीचा बिंदू लिहून दिलेला. कलर प्रोफाइल सगळ्यांचं एसआरजीबी. फाइलच्या नावात शॉट क्रमांक, थर आणि आवृत्ती, याच क्रमाने. 'फायनल' हा शब्द नावात घालायचा नाही. मूळ लेअर्सची फाइल कधीही सपाट करू नका, म्हणजे सगळे लेअर एकात मिसळू नका, आणि तिची एक प्रत दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ठेवा. सोबत एक छोटी टीप: कोणता थर किती पिक्सेल, कोणत्या दिशेने, किती फ्रेम सरकणार. वर काढलेलं सगळं गणित त्या चार ओळींत जातं.